ठाण्याहून कॅरव्हॅनने भारत: पनवेल ते कन्याकुमारी, तिथून श्रीनगर आणि परत घोडबंदर

कॅरव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, म्हटलं की लोक आधी किलोमीटर मोजतात, मग डिझेल आणि मग गाडीत टीव्ही किती इंची लावायचा ते. खरी अडचण वेगळीच असते. दुपारी चार वाजले, आज रात्री गाडी कुठे लावायची? परदेशात कॅरव्हॅन पार्क असतात. पैसे भरा, वीज जोडा, पाणी भरा, घाण सोडा. आपल्याकडे केरळने २०२१ मध्ये ‘केरव्हॅन केरळ’ आणलं, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. तरी हमरस्त्यावर अशा जागा अजून तुरळकच आहेत. त्यामुळे मुक्काम, पाणी आणि मैला या तीन गोष्टी आधी सोडवायच्या आणि मगच नकाशा उघडायचा. हा लेख मुख्यतः निवृत्त जोडप्यांसाठी किंवा तीन महिने मोकळे काढू शकणाऱ्यांसाठी आहे. पंधरा दिवसांची रजा असेल तर यातला पहिला टप्पा करा आणि उरलेला पुढच्या वर्षी ठेवा.

आधी ऋतू, मग रस्ता

ठाणे-नवी मुंबईकरांचं नशीब असं की देशातले तीन मोठे महामार्ग जोडून दाराशी संपणारा फेरा आपल्याला आयता मिळतो. पनवेलला सुरू होणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग कोकण, गोवा, कारवार, मंगळूर, केरळ करत थेट कन्याकुमारीला संपतो. हे सुमारे १,६०० किलोमीटर. कन्याकुमारीहून ४४ क्रमांकाचा महामार्ग मदुराई, बंगळूर, हैदराबाद, नागपूर, झाशी, दिल्ली, जम्मू करत श्रीनगरला जातो. ते सुमारे ३,७००. श्रीनगरहून दिल्लीपर्यंत मागे ८०० आणि दिल्लीहून जयपूर, उदयपूर, अहमदाबादमार्गे ४८ क्रमांकाने घरी १,४००. एकूण साडेसात हजार, आडवाटा धरून नऊ हजारांच्या आसपास.

दिवाळीची सुट्टी पाहून निघावंसं वाटतं, पण ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत परतीच्या मोसमी पावसाचे दिवस असतात आणि डिसेंबर-जानेवारीत हरियाणा-पंजाबात दाट धुकं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: संक्रांत घरी करा आणि मग निघा. फेब्रुवारीच्या मध्याला कन्याकुमारी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात नागपूर, मार्चअखेर पंजाब, एप्रिलच्या सुरुवातीला श्रीनगर. नागपूर-झाशी पट्टा मार्चच्या मध्यापर्यंत ओलांडायचाच, नंतर पत्र्याच्या गाडीत दुपारी बसवत नाही. श्रीनगरला तेव्हा झबरवान डोंगररांगेच्या पायथ्याची ट्युलिपची बाग साधारणपणे उघडलेली असते.

या आखणीत नागपूर मुद्दाम मध्यावर ठेवलं आहे. तिथपर्यंत कुणाची पाठ धरली, कंटाळा आला, घरून फोन आला, तर समृद्धी महामार्ग पकडायचा आणि ७०१ किलोमीटरवर भिवंडीजवळच्या आमणेला उतरायचं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून हे सोपं झालं आहे. अर्धाच फेरा केला तरी चार हजार किलोमीटरचा प्रवास होतो, त्यात कमीपणा काही नाही.

गाडी: विकत, भाड्याने की स्वतः बनवून

आपल्याकडच्या बहुतेक कॅरव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. भाड्याने घ्याल तर सहसा ड्रायव्हर सोबत येतो. मग त्याची झोपायची सोय, त्याचं जेवण आणि सुट्टी हेही तुमच्याच आखणीत धरा. पिवळी पाटी आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट दोन्ही पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देऊ केली तर नको म्हणा. अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते.

स्वतः बनवायची हौस असलेल्यांनी कायदा आधी वाचावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. बॉडी बनवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: या मानकाचं प्रमाणपत्र आहे का आणि आरसीवर गाडीचा प्रकार काय लागणार? ‘पासिंगचं आपण बघून घेऊ’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. गाडी एमएच-०४ ची असो वा एमएच-४३ ची, पंजाबात अडवणारा पोलीस आरसीवरचे शब्दच वाचणार. विमा कंपनीलाही आतल्या फिटिंगची लेखी कल्पना द्या आणि ती पॉलिसीत नोंदवून घ्या.

लायसन्सची काळजी मात्र कमी झाली आहे. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची व्यावसायिक गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. गाडी सांभाळायचं कौशल्य मात्र लायसन्सबरोबर येत नाही. मागे वळवताना दुसऱ्याने खाली उतरून दाखवायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

गाडीची उंची छतावरच्या सोलर पॅनेल-एसीसकट टेपने मोजा आणि स्टिअरिंगसमोर मोठ्या आकड्यांत चिकटवा. सोसायटीच्या पोडियमची कमान, रेल्वेखालचा बोगदा, कोकणातल्या वाडीतली आडवी वीजतार, सगळीकडे हाच आकडा लागतो.

वजन

यावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि टायर फुटतात ते यानेच. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. चार माणसं पावणेतीनशे. त्यात बॅटऱ्या, पलंग, फ्रिज, मग आईने दिलेली लोणच्याची बरणी आणि दहा किलो तांदूळ. सगळं भरून, माणसं बसवून गाडी एकदा काट्यावर न्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा भिवंडीच्या गोदामांकडे ट्रकसाठी वजनकाटे आहेतच, किरकोळ पैशांत पावती मिळते. कंपनीने गाडीवर लावलेल्या पाटीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घेतला तर उत्तमच. जड सामान खाली आणि दोन आसांच्या मध्ये, हलकं वर. वजन जास्त भरलं तर आधी पाणी कमी करा, ते वाटेत मिळतं.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी या प्रवासाला नको. हवा सकाळी, टायर थंड असताना, भरल्या वजनाला सांगितलेल्या दाबाने भरा. ‘उन्हाळा आहे, थोडी कमी ठेवू’ हा पंपावरचा सल्ला ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त लवचतो, म्हणून जास्त तापतो आणि सिमेंटच्या रस्त्यावर तोच फुटतो.

वीज

इथे कागद-पेन घ्या. १२ व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॉट-तास घेतो. दोन पंखे रात्रभर चालले तर ३०० धरा. दिवे, फोन, लॅपटॉप, पाण्याचा पंप मिळून २००. झाले हजार. २०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुमारे अडीच हजार वॉट-तास देते, म्हणजे ऊन नसलं तरी दोन दिवस निघतात. छतावर ४०० वॉटचं सोलर असेल तर हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी बाराशे ते पंधराशे परत येतात. शिवाय गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर बसवून घ्या. थेट वायर जोडून देणारा फिटर स्वस्तात पडतो, पण लिथियम बॅटरी ओढेल तेवढा करंट अल्टरनेटर देत राहतो आणि तापून जळतो.

एसीचं गणित वेगळं. एक टनाचा एसी तासाला हजार वॉट-तासांच्या आसपास खातो. रात्रभर चालवायचा तर बॅटरीचा नाद सोडा. मुक्कामाला १६ अँपिअरचा प्लग मिळेल तिथेच एसी. पंचवीस मीटरची जाड तारेची एक्स्टेंशन आणि अर्थिंग तपासणारा छोटा टेस्टर सोबत असू द्या. जुन्या लॉजच्या बोर्डाला अर्थिंग आहे यावर विश्वास ठेवून ओल्या पायाने पत्र्याच्या गाडीला हात लावू नये.

स्वयंपाक आणि गॅस

घरचा लाल १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नकोच. पाच किलोचा ‘छोटू’ पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो आणि वाटेत इंडियन ऑइलच्या पंपांवर बदलून घेता येतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. शक्यतो शेगडी बाहेर मांडूनच स्वयंपाक करा, कांदा-लसणाची फोडणी आत दिली तर उशीला वास आठवडाभर राहतो. इंडक्शनवर वीस मिनिटांत ५०० वॉट-तास जातात. चहा-अंड्यापुरतं ठीक, रोजच्या भाजी-भाकरीला नाही. काश्मीरमध्ये थंडी वाजली तरी बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटता ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म अवश्य लावा.

डाळी, मसाले, सुकामेवा वाशी-तुर्भ्याच्या बाजारातून घ्या, पण पंधरा दिवसांपुरतंच. उडुपीला पोहोचल्यावर घरचं थालीपीठ भाजत बसण्यात अर्थ नाही.

पाणी आणि मैला

दोन माणसांना, बादलीने आंघोळ केली तर, दिवसाला तीस ते चाळीस लिटर पुरतात. म्हणजे शंभर लिटरची टाकी अडीच-तीन दिवस. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. टाकी भरायला स्वतःची स्वच्छ नळी आणि दोन-तीन प्रकारचे नळ-जोड ठेवा. देशभर नळाचं तोंड सारखं नसतं.

भांड्यांचं पाणी वेगळ्या टाकीत साठवून गटारातच सोडायचं. शेताच्या बांधावर, तळ्याकाठी नाही. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे टाकी ओढून बाहेर काढता येणाऱ्या छोट्या संडासाची, टाकी साधारण वीस लिटरची असते. ती फक्त रात्री आणि अडीअडचणीला वापरायची असं घरात ठरवून घ्या, म्हणजे तीन-चार दिवस चालते. रिकामी करायची ती सुलभ शौचालयात, हॉटेलच्या संडासात किंवा पंपावरच्या, विचारून. दहा-वीस रुपये जास्त द्या आणि नंतर दोन बादल्या पाणी स्वतः ओता. तुमच्यामागून येणाऱ्या कॅरव्हॅनवाल्याला होकार मिळतो की नाही, ते तुम्ही जागा कशी सोडता त्यावर ठरतं. फॉर्मलीनवालं निळं औषध सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं, त्याऐवजी एन्झाइमचं घ्या.

रात्रीचा मुक्काम

दुपारी दोनला शोध सुरू करायचा, चारला गाडी उभी. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर पुरे, आणि एक दिवस चाललं की एक-दोन दिवस थांबायचं. अंधारात आलेली मोठी गाडी पाहून गावात कुणीही संशयाने बघतं. तीच गाडी उजेडात आली की पोरं जमतात आणि सरपंच चहा पाजतो.

माझ्या पसंतीने पहिला क्रमांक हॉटेल किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासाचं आवार. एकच साधी खोली घ्यायची, तिथे आंघोळ, कपडे, चार्जिंग, मैला सगळं उरकायचं आणि झोपायला गाडीत. खोलीचं भाडं जातं, पण पहारेकरी, पाणी आणि वीज त्यातच मिळतात. कोकण आणि कारवार पट्ट्यात घरगुती निवास हाच कारभार अर्ध्या पैशांत करून देतात. माडाखाली मात्र गाडी लावू नका. नारळ पडला की सोलरचं पॅनेल गेलं, आणि यजमानही कानकोंडा होतो.

दुसरा, मोठ्या अंगणाचे पेट्रोलपंप, विशेषतः तेल कंपनीने स्वतः चालवलेले. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट द्यावं लागतं, पण रात्रभर उभं राहणं हा त्यांचा उपकार. टाकी तिथेच भरा आणि मॅनेजरला विचारा. ट्रकच्या रांगेपासून दूर, सीसीटीव्हीच्या नजरेत, तोंड बाहेरच्या दिशेला. ढाबा त्यानंतरचा: जेवण झकास, झोप नाही, कारण पहाटे तीनला ट्रक सुरू होतात.

तिसरा, धर्मस्थळं. अंबाल्यापासून लुधियाना-जालंधरपर्यंत गुरुद्वारांत आवारात गाडी लावायची परवानगी मागा, बहुधा नकार मिळत नाही. लंगरमध्ये बसा, भांडी घासायला हात लावा. दारू-सिगरेट गाडीतही नको. कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राच्या प्रशस्त परिसरात निवासाची सोय आहे. समुद्रातलं शिलास्मारक १९७० मध्ये उभं करणारे एकनाथ रानडे आपलेच, तेव्हा तिथे दोन दिवस जास्त गेले तरी हरकत नाही.

टाळायच्या जागा: समुद्राची वाळू (चाकं रुतली की ट्रॅक्टरवाला भाव सांगतो), कोरडं नदीपात्र, घाटातली एकाकी वळणं, जंगलाची हद्द. उतारावर उभी केली तर लाकडी पाचरी लावून सपाट करा आणि उशी चढाकडे ठेवा.

टप्पे, थोडक्यात

निघण्याआधी एक तालीम करा. कसारा घाटाने इगतपुरी-भंडारदरा, दोन रात्री, पूर्ण सामानासकट. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर जळका वास येईल. जे जे कपाट उघडलं, जे जे खडखडलं ते लिहून ठेवा.

पनवेल ते इंदापूर-माणगाव हा पट्टा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. पहाटे निघा. कशेडीच्या बोगद्याने मोठा घाट वाचतो. कर्नाटकात मरवंथेला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मध्ये रस्ता. केरळात गाव संपतच नाही, ताशी तीस-पस्तीसचा वेग धरून चाला.

कन्याकुमारीहून उत्तरेला निघालं की अरळवायमोळीच्या खिंडीत, मुप्पंदलच्या पवनचक्क्यांपाशी आडवा वारा लागतो. उंच गाडी डुलते, वेग कमी करा. बंगळूर पहाटे पाचला ओलांडा. लेपाक्षी महामार्गापासून थोडीच आत आहे, चुकवू नका. हैदराबादला शहरात न शिरता बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने शमशाबादहून मेडचलला निघा.

नागपूरनंतर पेंचच्या जंगलात महामार्ग उचलून खालून वन्यप्राण्यांना वाट दिली आहे. तिथे थांबू नका. पुढचा रस्ता मराठी माणसाला ओळखीचाच: सागर, झाशी, ग्वाल्हेर आणि मग १७६१ चं पानिपत. ग्वाल्हेरला फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, पानिपतला काला आंब हे युद्धस्मारक. पलवलहून कुंडलीपर्यंत जाणाऱ्या दोन्ही बाह्य द्रुतगती मार्गांपैकी कोणताही घेतला की दिल्ली टळते. जुन्या डिझेल गाड्यांवर प्रदूषणाच्या दिवसांत तिथे निर्बंध येतात, तेव्हा उगाच आत शिरू नये.

जम्मू-काश्मीरमध्ये शिरलं की बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, घरूनच पोस्टपेड करून घ्या. रामबन-बनिहाल भागात दरडी कोसळतात. वाहतूक पोलीस रोज सूचना काढतात, ती पाहिल्याशिवाय जम्मू सोडू नका. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरहून मोठा बोगदा आणि बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा, या दोघांनी जुने घाट वाचवले आहेत. तरी वाटेत एक मुक्काम धरा. रस्त्यावर गाडी लावून झोपणं इथे नाहीच, हॉटेलचं आवारच.

परतताना एप्रिलअखेरचा राजस्थान भाजून काढतो. पहाटे पाच ते दहा गाडी, मग एसी खोली. मनोरनंतर संध्याकाळ होत असेल तर तिथेच थांबा. फाउंटन ते माजिवडा घोडबंदर रस्त्यावर तीन महिन्यांचा संयम एका तासात संपतो.

टोल आणि पैसे

फास्टॅग गाडीच्या योग्य वर्गाचाच हवा, मिनीबसच्या गाडीला कारचा लावलात तर नाक्यावर वाद ठरलेला. ऑगस्ट २०२५ पासून तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, तो फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे आणि राष्ट्रीय महामार्गांवरच. समृद्धीवर चालत नाही. डिझेलला लिटरमागे नऊ किलोमीटर धरले तर नऊ हजारांना हजार लिटर. तेवढीच रक्कम मुक्काम-खाण्याला आणि दहावा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेवा. १०३३ हा महामार्गांचा मदतक्रमांक आणि ११२ दोन्ही फोनमध्ये आधीच टाका.

घरी आल्यावर

त्याच दिवशी सगळ्या टाक्या रिकाम्या करून धुवा, मेच्या उकाड्यात पाणी आठवड्यात वास मारतं. लिथियम बॅटरी अर्ध्यावर ठेवून मुख्य स्विच बंद. गॅस काढून घरी. डाळ-तांदळाचा कण आत राहिला तर उंदीर वायरी कुरतडतात. फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर दर पंधरा दिवसांनी थोडी पुढे-मागे करा आणि जूनआधी छतावरच्या प्रत्येक भोकाभोवतीचं सीलंट पुन्हा भरून घ्या.